कुशाबाचा दुसरा रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे आणि स्वभावाने जळका आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत कुशाबा सुताराच्या वडिलांनी मला खैराच्या लाकडातून घडवले. पुढे कुशाबाच्या हातात मी कितीतरी दारे-खिडक्या गुळगुळीत केल्या. लोक त्याच्याबरोबर माझेही कौतुक करत. मग त्याला दारूचा नाद लागला आणि मी ओल्या कोपऱ्यात पडून राहू लागलो. एकदा नशेतल्या भांडणात त्याच्या हातून माणूस मेला. तो तुरुंगात गेला, इकडे माझे पाते गंजले.

पॅरोलच्या रजेसाठी त्याने केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. नंतर तो तुरुंगातल्या सुतारशाळेत जाऊ लागला, दारू सोडवणाऱ्या वर्गातही बसला. तिथल्या साहेबांनी चांगला शेरा दिला आणि या शिमग्याला त्याला रजा मिळाली.

"तिथल्या रंध्यानं मला घरी आणला गो," तो बायकोला, आवडीला, सांगत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर राबलो मी आणि नाव त्या उपटसुंभाचे!

त्याच दिवसांत देवीच्या पालखीचा दांडा तडकला. नवा दांडा कुशाबाने माझ्या गंजक्या पात्याला जेमतेम धार काढून माझ्याकडूनच गुळगुळीत करून घेतला. आमच्या वाडीची रीत अशी, की जो दांडा करील त्याचा पहिला खांदा. पण पालखी उठणार होती परवा आणि कुशाबाची रजा उद्या संपत होती.

"येका दिसानं काय व्हतंय? ऱ्हा रे," वाडीतले जाणते कोंडाजी म्हणाले.

मलाही तेच हवे होते. पुढची रजा बुडेल हे कळत होते, तरी त्याने त्या दुसऱ्याकडे जाऊ नये असेच मला वाटत होते.

"येळेवर गेलात तरच पुन्हा याल," आवडी म्हणाली.

कुशाबाने नुसता दांडाच क्षणभर खांद्यावर घेतला आणि खाली ठेवला. मग निघण्याआधी त्याने माझे पाते काढून घासले, त्याला तेल लावले आणि मला कोरड्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले. असे त्याने पूर्वी कधी केले नव्हते.

"ही सवय कुठली हो?" आवडीने विचारले.

"तिकडचीच हाय."

मित्रांनो, मी अजून जळतो. त्या दुसऱ्याला रोज कुशाबाचा हात लागतो, मला नाही. पण माझ्या अंगावरचे तेल त्या दुसऱ्याच्याच शाळेतून आले आहे. तुम्ही आपली हत्यारे जपा आणि बिघडलेल्या माणसालाही ओल्या कोपऱ्यात टाकू नका. गंज निघतो. माझाही निघाला.