लिंबाजी ड्रायव्हर का थांबला नाही

लिंबाजी ड्रायव्हरची शिट्टी ऐकू आली की रुळाकाठच्या बायका तवा चुलीवर चढवायच्या. एक लांब, एक आखूड, अशी ती शिट्टी. भरला तांब्या इंजिनात ठेवून तो गाडी उभी करतो आणि थेंब सांडत नाही, असं लोक सांगत. तो तांब्या कुणीच पाहिला नव्हता, पण सांगणारा प्रत्येकजण तो काठोकाठ भरून ठेवायचा.

मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा इंजिनावर चढला याचं सगळ्या परभणी-मानवत भागाला कौतुक होतं. सासुरवाडीला तर विचारूच नका. सासुरवाडी होती रुळाला लागून. बायको भागुबाई तिथलीच, आणि तिची धाकटी बहीण कासाबाई गावातच दिलेली. कासाबाई दिवसभर रुळाच्या कडेनं मेंढरं चारायची आणि दाजींची गाडी गेली की हात हलवायची. दाजींची थट्टा केली नाही तर मेहुणी कसली, असं तिचं म्हणणं.

त्या साली श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. भागुबाई त्यासाठीच माहेरी आली होती, पण लिंबाजीला रजा मिळेना. निजाम गेला, रेल्वे दिल्लीच्या सरकारची झाली, पण जावयाला धोंड्याची रजा देणारा साहेब काही जन्माला आला नाही. तेव्हा कासाबाईनं डोकं चालवलं. जावई गाडी सोडून येत नाही, तर गाडीच दारात उभी करू. अनारशांच्या टोपलीवर झाकलेलं लाल फडकं तिनं काढलं, रुळात उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ते डोक्यावर गरगरा फिरवलं.

गाडी थांबली. लिंबाजी घाबराघुबरा खाली उतरला, तर समोर टोपली, कुंकवाची वाटी आणि पोट धरून हसणारा गाव. डब्यांतली माणसंही हसली. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या लतीफभाईनं दोन अनारसे तिथंच तोंडात टाकले. लिंबाजीला रागवायचं होतं, पण सासुरवाडीत रागवायचं कसं? तो एवढंच म्हणाला, "कासे, थट्टा माजी कर, गाडीची नको. पुन्यांदा लाल दाखवलंस तर मी थांबायचा न्हाई."

"बगू की दाजी," कासाबाई म्हणाली.

गाडी उशिरा पोचली म्हणून वरच्या साहेबानं लिंबाजीला चांगलंच फैलावर घेतलं. कारण विचारलं तेव्हा त्यानं मेहुणीचं नाव घेतलं नाही, इंजिनात बिघाड झाला असं सांगितलं. लतीफभाईनंही मान डोलावली. अनारसे त्याच्याही पोटात होते.

भादव्यात पावसानं झोडपून काढलं. वळणापलीकडच्या ओढ्याला लोंढा आला आणि पुलाजवळचा भराव वाहून गेला. रूळ तेवढे हवेत लोंबकळत राहिले. कासाबाईनं ते पाहिलं, त्याच वेळी लांबून शिट्टी आली. एक लांब, एक आखूड. तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. भाकरी चिखलात पडल्या आणि हातात आलं तेच लाल फडकं. वळणाकडे धावत तिनं ते डोक्यावर गरगरा फिरवलं, ओरडली, पुन्हा फिरवलं.

लिंबाजीनं पाहिलं. पावसात उघडं तोंड दिसलं तर माणूस रडतंय की हसतंय हे लांबून कळत नाही. त्यानं इंजिनातून हात बाहेर काढला, मेहुणीला दटावल्यासारखं बोट हलवलं आणि हसत पुढं गेला.

वळणावर त्याला ओढा दिसला. त्यानं लतीफभाईला बाहेर ढकललं आणि स्वतः ब्रेक धरून बसला. इंजिन ओढ्यात गेलं, डबे मात्र रुळावर राहिले. लिंबाजी सोडून एकही माणूस दगावलं नाही.

महिन्याभरानं स्टेशनात चौकशी लागली. गाडीतल्या उतारूंनी कासाबाईसाठी हिरवंगार लुगडं आणलं होतं. जीव धोक्यात घालून बाईनं लाल फडकं दाखवलं, तिचा मान करायला नको? पाटील चंद्रभानराव तिला आदल्या दिवशी बजावून गेला होता, की थट्टेनं गाडी अडवणं हा मोठा गुन्हा आहे, बोललीस तर अंगावर पिणारं लेकरू घेऊन तुरुंगात जाशील. पण कासाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. धोंड्याच्या दिवशीचं सगळं सांगून टाकायचं. दाजींच्या नावाला डाग लागू द्यायचा नाही.

चौकशीच्या साहेबानं आधी उतारूंचं लुगडं दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते लुगडं काखेत घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग साहेब म्हणाला, फडकं कसं हलवलंत ते दाखवा.

तिनं दाखवलं. दोन्ही हात वर, डोक्यावर गरगरा. हाताला दुसरी तऱ्हाच ठाऊक नव्हती. फिरवता फिरवता तिला उमगलं, की धोंड्याच्या दिवशीही आपण अगदी असंच फिरवलं होतं, यात तिळाइतका फरक नाही. बाकावर बसलेल्या लतीफभाईनं मान खाली घातली.

"इतकं स्पष्ट दिसत असताना ड्रायव्हर थांबला का नाही?" साहेबानं विचारलं.

कासाबाईनं तोंड उघडलं. पण तिच्या मागून पांढऱ्या कपाळाची भागुबाई उठली.

"त्येंचंच चुकलं साहेब," भागुबाई म्हणाली. "गाडी पळवायची लय हौस व्हती. कुनाचं ऐकत नव्हते."

साहेबानं ते लिहून घेतलं. लतीफभाईनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. कासाबाईला अजूनही बोलता आलं असतं. ती बोलली नाही. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला जी लाज वाटली ती पुढं कधी गेली नाही.

त्या दिवसापासून मानवतच्या बाजारात लोक सांगू लागले, की लिंबाजी माणूस सोन्यासारखा, पण वेगाचा नाद वाईट. भरल्या तांब्याची गोष्ट मात्र आता कुणी सांगेना.

स्टेशनातून घरी आल्यावर कासाबाईनं ते लुगडं बहिणीच्या पायाशी ठेवलं. "आक्का, दाजी तसे नव्हते. तू असं का बोललीस?"

भागुबाईनं लुगडं पायानं बाजूला सारलं.

"अनारसे मीच तळले व्हते, कासे," ती म्हणाली. "युक्ती तुजी, पन गाडी थांबीव म्हनून तुला मीच धाडलं व्हतं. आता तुलाबी घालवू?"

एवढं बोलून ती रडायला लागली. दहाव्यालाही ती अशी रडली नव्हती. नवऱ्यासाठी रडते की त्याच्या नावासाठी, हे विचारायचं तोंड कासाबाईला राहिलं नव्हतं.