त्र्याण्णव टक्के

खोलीत चार आवाज होते: पंख्याचा, घड्याळाचा, प्राणवायूच्या यंत्राचा आणि बाबांच्या श्वासाचा. पहिले तीन एका लयीत चालत. चौथा महिनाभर अडखळत होता.

यंत्राच्या पडद्यावर मात्र कायम ९३ टक्के. म्हणजे नळीतून येणाऱ्या हवेत प्राणवायू तेवढा, पुरेसा.

"दम लागतोय गं," बाबा म्हणाले.

आई उशीला अभ्रा घालत होती. "त्र्याण्णव आहे की! तुमचं आपलं रोजचंच रडगाणं."

"हो ना. यंत्राची तब्येत ठणठणीत आहे. मीच नाटकी."

मुलीला तो विनोद टोचला. डॉक्टरांनीही फोनवर आकडा ऐकून 'मग काळजी नको' म्हटलं होतं. तिने लॅपटॉप ओढला आणि यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक कंपनीच्या ग्राहक पोर्टलवर टाकला. 'हे यंत्र आधीच नोंदलेले आहे.' यंत्र दादाने पाठवलं होतं, म्हणजे नोंदही त्याचीच. तिने त्याला फोन लावला.

"कुठल्या ईमेलवर नोंदवलंस रे?"

"ऑफिसच्या. पण ती नोकरी सोडून वर्ष झालं, मेल कधीच बंद झाला."

"पासवर्ड तरी आठवतोय?"

"बाबांची जन्मतारीख."

पोर्टल उघडलं. नवी खरेदी, सुटे भाग, हमी हे सगळं वरच होतं. सॉफ्टवेअरची माहिती 'मदत'च्या पार तळाशी. सूचना नऊ महिन्यांपूर्वीची होती: जुन्या आवृत्तीत सेन्सरचे मोजमाप अडकल्यास पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. त्वरित अपडेट करा.

तिने ती दोनदा मनात वाचली, मग मोठ्याने. आईच्या हातातला अभ्रा अर्धवट राहिला.

अपडेट होईपर्यंत यंत्र वापरायचं नव्हतं. मुलीने बाबांची नळी राखीव सिलिंडरला लावली आणि यंत्राला लॅपटॉपची केबल जोडली. काही मिनिटांत बाबांचे आखडलेले खांदे खाली आले.

"आता कसं वाटतंय हो?" आईने विचारलं.

"संपलं बघ नाटक," म्हणून त्यांनी डोळे मिटले. आई त्यांच्या पायाशी बसली.

यंत्र पुन्हा सुरू झालं. सूचनेप्रमाणे मुलगी दहा मिनिटं थांबली. पडद्यावर आधी दोन रेघा दिसल्या, मग आकडा आला.

६१ टक्के.