ग्रेडरचा शब्द

वामनरावांनी डोळे मिटून उजवा हात पुढे केला आणि वच्छलाबाईंनी त्यांच्या बोटांत कापसाचा एक पुंजका ठेवला. अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी सरकीवरचे तंतू हळूच ओढले, जुळवले, पुन्हा ओढले. मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून, म्हणजे कापसाची प्रत ठरवत, तीस वर्षं हेच केलेला माणूस.

"लांब धागा," ते म्हणाले. "कोरडा."

पलंगाशी उभ्या असलेल्या डॉ. गौरी पिंपळखुट्यांनी वच्छलाबाईंकडे पाहिलं.

"बरोबर?"

वच्छलाबाईंनी मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली.

पुंजका आखूड धाग्याचा होता, आणि वच्छलाबाईंनी सकाळीच त्यावर पाण्याचा हात फिरवून तो दमट केला होता.

यवतमाळातला हा दवाखाना म्हणजे दोन मजल्यांचं साधंच प्रकरण, पण डॉ. गौरीबाई मुंबईला मेंदूचं शिकून गावी परत आलेल्या. वकिलाची मुलगी, चाळिशीची, बोलणं मोजकं. दिवाळीपासून वामनरावांच्या उजव्या हाताला झटके यायला लागले, तेव्हा त्यांनीच फोटो काढून सांगितलं की डोक्यात डाव्या बाजूला बोराएवढी गाठ आहे. डाव्या बाजूची गाठ उजवा हात कसा बिघडवते, हे वच्छलाबाईंना दोनदा समजावून घ्यावं लागलं. बोटांना जे लागतं ते मेंदूत जिथे कळतं, नेमकी त्याच जागेला ती टेकून बसली होती. म्हणून ऑपरेशन जागेपणी करायचं. डोक्याची कातडी तेवढी बधिर करायची, मेंदूला स्वतःला काही दुखत नाही. डॉक्टर गाठ सोडवत जाणार आणि वामनराव हाताने वस्तू ओळखत राहणार.

आधी डॉक्टरांनी किल्ली, बटण, नाणं असं काहीबाही हातात दिलं होतं. वामनरावांना त्याचा रागच आला. ही काय लहान पोरांची शाळा आहे का, बोटं तपासायची तर कापूस द्या, असं त्यांनी ऐकवलं. डॉक्टरांना ते पटलं. रोजच्या सरावाचं काम असेल तर चूक लगेच उघडी पडेल, असं त्या म्हणाल्या. मग वच्छलाबाईंनी घरून मसाल्याचा डबा घासूनपुसून आणला आणि त्याच्या सात वाट्यांत सात प्रकारचा कापूस भरला. घाटंजीकडच्या शेतकऱ्याची मुलगी ती, जन्म वेचणीत गेलेला. कुठल्या वाटीत काय आहे ते तिला अंधारातही सांगता आलं असतं.

मग तिनं मान का हलवली? तर त्याला कारण होतं, आणि ते कारण घरात तीस वर्षं मुरलेलं होतं. केंद्रावर ग्रेडर एकदाच बोलतो. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, तंतू ओढायचा, ग्रेड सांगायची, पुढच्या गाडीकडे वळायचं. समोरचा हात जोडो नाहीतर शिव्या देवो. एकदा जरी "थांब, परत पाहू" म्हटलं, की मागच्या शंभर गाड्या तेच म्हणणार आणि केंद्र बंद पडणार. ग्रेडरला "समजत नाही" म्हणायची सोयच नसते. हीच रीत वामनरावांनी घरी आणली. भाजीतलं मीठ असो की पोरीचं लग्न, बोलले ते बोलले. तिऱ्हाइतासमोर त्यांचा शब्द खोटा पाडणं वच्छलाबाईंच्या स्वप्नातही आलं नसतं. मान आपोआप हलली.

सात पुंजके झाले. त्यातले चार चुकले. मान सात वेळा हलली.

डॉक्टर खूश झाल्या. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि दोघांना समजावून सांगितलं. उद्या हाच कागद त्यांचा आधार. वामनराव बरोबर सांगतील तोवर त्या पुढे जाणार. पहिली चूक झाली की समजायचं, बोटांच्या जागेला धक्का लागला, आणि तिथेच थांबायचं. मधे एकदोन मिलिमीटरचाच मामला होता. आणि कापसातलं ना त्यांना कळत होतं ना सिस्टरला, तेव्हा वच्छलाबाईंनीच उद्या आत येऊन हाताशी बसायचं.

डॉक्टर गेल्यावर वच्छलाबाईंनी विषय काढला. थंडीनं बोटं आखडली आहेत, असं वामनराव म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी ती डॉक्टरांना सांगायलाच म्हणून निघाली. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडं होतं. आत डॉक्टर स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या होत्या, डोकं एका कुशीवर, अगदी उद्या वामनरावांना ठेवणार तसं. अर्धा तास झाला होता म्हणे. मान कुठे अवघडते, पायाला कुठे मुंग्या येतात ते त्या पाहत होत्या, आणि सिस्टर त्या सांगतील तिथे उशा सरकवत होती. माणूस चार तास हलला नाही पाहिजे, तर त्याला हलावंसं वाटलं नाही पाहिजे, असं त्या सिस्टरला सांगत होत्या. मग उठून त्यांनी झटका आला तर मेंदूवर ओतायचं बर्फाचं पाणी कुठे राहील ते विचारलं, आणि हत्यारं पुन्हा एकदा मोजायला लावली.

वच्छलाबाई दारातच उभी राहिली. एवढी जीव तोडून तयारी करणाऱ्या बाईला कसं सांगायचं, की तुमच्या खिशातल्या कागदावर चार खुणा खोट्या आहेत? तिला स्वतःची लाज वाटली, नवऱ्याचीही वाटली. ती तशीच परत फिरली.

सकाळी तिला हिरवा झगा चढवला, तोंडावर फडकं बांधलं. बांगड्या काढायची वेळ आली तेव्हा तिचे डोळे भरले. नवरा टेबलावर आणि हात मोकळे, हे तिच्याच्याने होईना. सिस्टर समजूतदार होती. तिनं बांगड्यांवरून घट्ट पट्टी गुंडाळली आणि तिला नवऱ्याच्या हाताशी बसवलं.

वामनरावांचं डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत पक्कं केलेलं होतं. केस मशीननं बारीक केले होते, वस्तऱ्यानं नाही, कारण वस्तऱ्याचा ओरखडाही डॉक्टरांना नको होता. चेहरा मोकळा राहील अशी चादर वरून ताणली होती. चादरीपलीकडे डॉक्टर, अलीकडे ही दोघं आणि भूल देणारे डॉक्टर. कवटी उघडतानाच्या आवाजाला वामनराव म्हणाले की सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रापेक्षा बरा आहे.

बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला. "मावशी, गाठ अर्धी मोकळी झालीय. आता द्या कापूस."

तिनं दुसऱ्या वाटीतला पुंजका त्यांच्या बोटांत ठेवला. फरदड होती ती, हंगामाच्या शेवटचा हलका, जीव नसलेला कापूस. वामनरावांनी तंतू ओढले. जुळवले. पुन्हा ओढले.

"लांब धागा."

"बरोबर?" डॉक्टरांनी विचारलं.

वच्छलाबाईंची मान हललीही. पण मधे चादर होती. डॉक्टरांना काही दिसणार नव्हतं, आज तोंडानं बोलावं लागणार होतं.

"मावशी? बरोबर?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून होते.

"नाई," ती म्हणाली. "फरदड हाय."

पलीकडे सगळं थांबलं. "मी हात काढलाय," डॉक्टर म्हणाल्या. "काल तर सगळे बरोबर ओळखले होते."

"काल बी चुकलं होतं. सातातले चार चुकले. म्या मान हालवली."

डॉक्टर रागावतील, बाहेर घालवतील, असं वच्छलाबाईंना वाटलं. पण डॉक्टर तिच्याशी बोलल्याच नाहीत.

"काका, नीट ऐका. हे बोटांचं आज, आत्ता झालं असेल, तर ते माझ्या हातून झालंय. मग मी इथेच थांबते, अर्धी गाठ आत ठेवून डोकं बंद करते. ती पुन्हा वाढेल. आधीपासून असेल, तर ते गाठीनं केलंय, मग मला पुढे जाता येईल. ह्या दोहोंतलं काय, ते फक्त तुम्हालाच माहीत आहे."

वामनरावांचे ओठ हलले, थांबले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं. नाडी जोरात चालली होती.

"काका, कधीपासून?"

"दोन हंगाम झाले," वामनराव म्हणाले.

"म्हणजे दोन वर्षं?"

"हो. मले नाई समजत बोटाईनं."

"चांगलं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या, आणि आवाजात सुटका ऐकू आली. "मग आता ओळखायचं नाही. मावशींचं बोट धरायचं आणि सोडायचं. तेवढंच करत राहा. मी पुढे जातेय."

डॉक्टरांच्या लेखी प्रश्न सुटला होता. वच्छलाबाईंचा आता सुरू झाला. दोन हंगाम म्हणजे किती गाड्या? भाव पडलेल्या त्या वर्षांत गाड्या केंद्रावर चार चार दिवस उभ्या असत. बाया गाडीखालीच स्वयंपाक करत. एक ग्रेड खाली गेली की माणूस खाली बसे. आणि हा माणूस बधिर बोटांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शब्द देत होता, एकदाही न अडखळता. परवाच्या हंगामात तिचा भाऊ किसनरावही गाडी घेऊन आला होता. मेहुण्यांनी त्याच्या कापसाला आखूड धागा म्हटलं, म्हणजे ग्रेड खाली. तो काही न बोलता गाडी वळवून गेला, आणि त्यानंतरच्या दोन्ही भाऊबिजांना बहिणीच्या दारी आला नाही. तो कापूस तिनं स्वतः हाताळला होता, तरी तेव्हा तिनं भावालाच दोष दिला होता. नात्यापायी ग्रेड वाढवून मागतो म्हणून.

तिचं बोट नवऱ्याच्या मुठीत होतं. ती ते ओढून घेऊ शकत होती. घ्यावंसं वाटलंही.

वामनराव धरत होते, सोडत होते. मग सोडायचं राहिलं. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"किसनरावचा कापूस," ते हळूच म्हणाले, "कोन्ता होता?"

तीस वर्षांत त्यांनी कापसाचं कोणाला काही विचारलं नव्हतं.

"लांब होता," ती म्हणाली.

डोकं खिळ्यांत होतं, हलवता येत नव्हतं. त्यांनी तिचं बोट दाबून धरलं, दुखेल इतकं.

भूल देणारे डॉक्टर वाकून हाताकडे पाहत होते. "पकड चांगली आहे, मॅडम," त्यांनी चादरीपलीकडे सांगितलं.