पहिली फळी

जुन्या फळ्या भरडून नव्या करायचा कारखाना सासरेबुवांचा, आणि त्यात राबणारा घरजावई जेमतेम पन्नास किलोचा. बागांतल्या, गच्च्यांवरच्या टाकून दिलेल्या फळ्या यायच्या. अर्धं प्लास्टिक, अर्धा लाकडाचा तंतू. भरडा, वितळवा, पुन्हा फळी. पण दर खेपेला तंतू तुटतो, आणि चौथ्या खेपेला नुसतं पीठ उरतं. मिसळणीवर जावईच असल्यानं हे त्याच्या बोटांना रोज कळायचं.

"बाबा, थोडा तरी नवा तंतू घालू द्या. वृद्धाश्रमाच्या पुलाला जायच्यात या फळ्या, म्हातारी माणसं चालणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"जावईबापू, फुकटचं खाऊन अक्कल फार वाढलीय तुमची," सासरे म्हणाले. "पीठ तर पीठ. घाला."

कारखान्याचा नियम असा, की ज्यानं माल मिसळला त्यानंच गिऱ्हाइकासमोर पहिल्या फळीवर उभं राहायचं. कमरेएवढ्या दोन ओट्यांवर फळी टाकायची, खाली फरशी.

आश्रमाचा व्यवस्थापक आला. जावई चढला. मोडावी मेली एकदाची, म्हणजे कुणाची म्हातारी तरी वाचेल, असं त्याला वाटत होतं. फळी कुरकुरली, पण टिकली. व्यवस्थापक खूश झाला. सासरे जवळ येऊन हळूच म्हणाले, "मिसळणीवर तुम्हाला का ठेवलं वाटलं? हुशारी बघून?"

जावयाच्या डोक्यात तिडीक गेली. खाली उतरून तो गोड आवाजात व्यवस्थापकाला म्हणाला, "साहेब, मी म्हणजे काडी. आमचे बाबा चढतील, मग तुमची खात्री पटेल."

सासरे एकशेदहा किलोचे. नाही म्हणावं तर अब्रू जाते. हसत चढले. दुसऱ्याच पावलाला फळी बिस्किटासारखी तुटली, आणि तिच्याबरोबर त्यांच्या पायाचं हाडही. व्यवस्थापक तिथूनच परत फिरला. जावयाला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आठवड्यानं सासरे प्लास्टर घालून घरी आले. आता आपल्याला हाकलणार, सुटलो, असं जावयाला वाटलं. कसलं काय.

"तुकडे वाया घालवू नका, भरडून परत मिसळा," ते पडल्यापडल्या म्हणाले. "सोमवारी शाळेचा माणूस येतोय. फळीवर तुम्हीच." मग मुलीकडे वळले. "आणि नवऱ्याला आजपासून अर्धंच वाढ. पन्नास किलो जास्त होतात."

ती नवऱ्याचं ताट घेऊन उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. अर्धा भात काढला आणि पातेल्यात परत टाकला.