एक मूठ जुने दाणे

मामंजींना कारखान्यात कोणी मालक म्हणत नसे. सगळे उस्ताद म्हणत, आणि कोणी मालक म्हणून हाक मारली असती तरी त्यांनी वळून पाहिलं नसतं. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: प्लास्टिकचे दाणे वितळवायचे आणि त्यांच्या स्ट्रॉ काढायच्या. मशीनकडे पाठ करून चहा पिता पिता ते मध्येच म्हणत, तिसरा हीटर थंड पडतोय, आणि तो खरोखरच थंड पडत असायचा. सूनबाई रसायनशास्त्र शिकलेली, प्रयोगशाळेत सहा वर्षं काढून आलेली. पण मीटरचा काटा हलायच्या आधी मामंजींचे कान टवकारतात हे पाहून तिनं पहिल्याच आठवड्यात हात टेकले होते.

कुजणाऱ्या प्लास्टिकचा विषय तिनंच घरात काढला, तोही भीतभीत. कारखान्याचा सगळा माल इस्पितळांना जायचा. पाठीवर पडून असलेल्या रोग्याला पाणी पाजायला स्ट्रॉच लागते, आणि कागदाची स्ट्रॉ अर्ध्या पेल्यातच मान टाकते. आता इस्पितळांनी कळवलं होतं की खताच्या गरम पेटीत बारा आठवड्यांत नाहीशी होईल अशीच स्ट्रॉ घेऊ, नाहीतर दुसरीकडे बघू. इस्पितळांवाचून दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे नवा माल जमला तर कारखाना, नाहीतर दाराला कुलूप.

सासूबाईंना वाटलं, हे कसले या वयात ऐकतायत! मामंजी जेवता जेवता थांबले.

"मी काढलेली पहिली नळीसुद्धा अजून कुठंतरी तशीच पडली असेल, नाही का गं?"

असेल, असं ती म्हणाली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि नवे दाणे कधी येणार ते विचारलं.

आणि अडुसष्टाव्या वर्षी या गृहस्थांनी वही घातली. सूनबाई सांगायची, ते लिहून घ्यायचे, आणि कळलं नाही तर शाळेतल्यासारखा हात वर करायचे. बाकीची मंडळी तोंड फिरवून हसायची, पण वही काही बंद झाली नाही. माल मात्र जमेना. नव्या दाण्यांची स्ट्रॉ बोट लावलं की कटकन मोडे. तीन आठवडे सूनबाईनं तापमान वर केलं, खाली केलं, पुस्तकं पालथी घातली, तिच्या नाकी नऊ आले. शेवटी मामंजींनी एका सकाळी सगळ्यांना गप्प केलं आणि वितळलेलं प्लास्टिक बाहेर येतं त्या तोंडाशी कान नेला.

"तडतडतंय. ओलं आहे हे."

ओलंच होतं. हे दाणे मक्यापासून केलेले, हवेतलं पाणी पिणारे. जुन्या प्लास्टिकची पोती उघडी टाकली तरी काही बिघडत नसे, म्हणून हीही तशीच उघडी पडलेली. हे दाणे ओल धरतात हे सूनबाईनं वाचलं होतं, पण पोत्याचं तोंड कोण उघडं ठेवतं हे काही पुस्तकात नव्हतं. दाणे चार तास वाळवून घातले आणि पहिली शहाणी स्ट्रॉ बाहेर आली. मामंजींनी ती बोटाभोवती दोनदा गुंडाळली. मोडली नाही. सूनबाईला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला.

इस्पितळांच्या तपासनीस बाई आल्या, त्यांनी स्वतःच्या हातानं या नव्या स्ट्रॉ कारखान्यामागच्या खताच्या पेटीत पुरल्या आणि सील ठोकलं. बारा आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. सगळा कारखाना मागच्या अंगणात जमला. खत चाळणीत ओतलं, चाळलं, माती खाली पडली. आणि वर राहिले पांढरे बारीक धागे.

सूनबाईच्या डोक्यात शंभर हिशेब फिरले, आणि तोंडातून एकच निघालं, की दाणेवाल्यानं भेसळ केली असणार. तपासनीस बाईंनी मान डोलावली. त्याच्या दाण्यांबद्दल आणखी एका ठिकाणाहून तशी तक्रार आली होती म्हणे. तसं असेल तर तुमचा दोष नाही, त्या म्हणाल्या. दाणेवाला बदला, माल चालू राहू दे, मी तसं लिहिते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी पेन काढून लिहायला सुरुवात केली.

मामंजींनी चाळणीतला एक धागा उचलला होता. खिशातल्या लायटरवर त्यांनी तो धरला आणि वास घेतला. नवं प्लास्टिक जळलं की साखर करपल्यासारखा वास येतो. हा विझलेल्या मेणबत्तीचा होता. चौतीस वर्षं ज्या वासात काढली तो त्यांना कोणी सांगायला नको होता.

"बाई, लिहू नका. यात दाणेवाल्याचा दोष नाही. ही माझी मूठ आहे."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सूनबाई नऊला यायची आणि मशीन सहाला सुरू व्हायचं, म्हणून तिनंच ते कधी पाहिलं नव्हतं. नवं पोतं फोडलं की मामंजी आधीच्या मालातले मूठभर दाणे त्यात टाकत, दुधाला विरजण लावावं तसे. म्हणजे नवा माल जुन्याच्या वळणावर जातो. नवे दाणे आले तेव्हा त्यांनी जुन्यांचा एक डबा मुद्दाम भरून ठेवला होता, हे नवखे बिचकू नयेत म्हणून.

कोणी हसलं नाही. सूनबाईनं मान खाली घातली. दाणेवाल्याचं नाव तिनंच घेतलं होतं, आणि तिला त्याची आता लाज वाटत होती.

तपासनीस बाईंनी लिहिलेलं खोडलं. पुन्हा बारा आठवडे, त्या म्हणाल्या, तोवर माल घेणार नाही, आणि तिसरी संधी नाही.

त्या गेल्यावर सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, कुणाला कळलं नसतं."

"मातीला कळलं की."

त्यांनी मशीन खोलायला घेतलं. तीन दिवस ते आणि सूनबाई पितळी ब्रशनं आतला कण न् कण खरवडत होते. स्ट्रॉ नव्यानं काढल्या, पुरल्या. पुढचे बारा आठवडे मशीन बंद उभं राहिलं. मामंजी रोज येऊन त्याच्यापाशी बसत आणि वही वाचत.

तो दिवस उजाडला तेव्हा सगळे पुन्हा अंगणात जमले. तपासनीस बाईंनी चाळणी हलवली. माती पडली, दोन खडे राहिले. बाई पुरे म्हणाल्या, कागदावर सही करायला वळल्या. मामंजींनी चाळणी मागून घेतली. पुन्हा माती भरली, पुन्हा चाळली, मग खाली बसून पडलेल्या मातीत बोटं घालून शोधत राहिले. सूनबाई त्यांच्याजवळ बसली. काही नाही मामंजी, ती म्हणाली, काहीच उरलेलं नाही.

त्यांनी मातीचे हात तसेच गुडघ्यांवर ठेवले आणि वर पाहिलं. आपल्या हातचं काहीच सापडत नाही म्हणून एवढा सुखावलेला माणूस तिनं त्याआधी कधी पाहिला नव्हता.