तेरा साते

रमाबाईंनी ओलं फडकं पिळलं आणि भिंतीवरची गेरूची फुली पुसून टाकली. तीन दिवसांत तिसऱ्यांदा.

"काकू, विकी मिस्त्री घण घेऊन उभा आहे," मागून शेजारचा प्रफुल्ल म्हणाला. "काहून असं करून राहिल्या तुम्ही?"

रमाबाई फडकं धूत राहिल्या.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या बोळात पाच घरं ओळीनं होती, आणि पाचही अंगणांमध्ये पुरुषभर उंचीच्या भिंती. गेल्या उन्हाळ्यात टोकाच्या घरातल्या कांताबाई न्हाणीघरात पडल्या. दुसऱ्या सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, तेव्हा कुठे कळलं. त्यानंतर पाचही घरं एकत्र बसली. भिंती पाडायच्या ठरल्या. एक अंगण, एक स्वयंपाकघर, रांधायच्या पाळ्या, आणि म्हाताऱ्यांकडे दोन्ही वेळा कुणीतरी डोकावायचं. सगळ्यांत आधी हात वर केला होता तो रमाबाईंनीच.

तीन भिंती पडल्या. ही चौथी तेवढी उभी होती. पलीकडे प्रफुल्लच्या मागच्या खोलीतलं नवं स्वयंपाकघर. अलीकडे रमाबाई आणि त्यांच्या शेजारच्या कांताबाई. जेवायला त्यांना काठी टेकत बोळातून वळसा घालावा लागे.

प्रफुल्लनं आवाज उतरवला.

"आमच्या चुलीवरचं चालत नसेल तर सांगून द्या. तुमची वेगळी ठेवू. मले वाईट नाही वाटणार."

त्याला वाईट वाटलं होतं. मान खाली घालून तो नखानं भिंतीचा पोपडा काढत होता.

"तुझ्या आईच्या हातचं किती खाल्लं मी, तुले माहीत नाही का?" रमाबाई म्हणाल्या. "भीमाबाई असती तर तिनं असं विचारलं नसतं."

"मग काय आहे?"

रमाबाईंनी आतल्या घड्याळाकडे पाहिलं.

"तीन वाजून राहिले. तासभर दे मले. मग सांगते."

तो गेल्यावर त्यांनी भिंतीला लागून सतरंजी अंथरली. एकतीस वर्षांत हे चुकलं नव्हतं. त्यांची लेक ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती. दुपारी तीन वाजता इथेच बसून पाढे म्हणायची, आणि तेराच्या पाढ्यात दर वेळी एकाच जागी घसरायची. त्या शेवटच्या दुपारी रमाबाईंनी तिचा कान जोरात पिळला होता. रात्री ताप चढला. आठवड्यात कावीळ तिला घेऊन गेली.

"तेरा एके," रमाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"तेरा." बारीक आवाज. भिंतीतून यावा तसा.

"तेरा दुणे."

"सव्वीस."

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, अच्युतरावांना, तर ते असेपर्यंत नाहीच. भिंत गेली तर हा आवाज राहणार कुठे?

"तेरा साते."

"त्र्याण्णव."

एकतीस वर्षांत त्यांनी ते एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. त्या पुढे सरकल्या. "तेरा आठे."

तेवढ्यात बोळाकडचं दार वाजलं. प्रफुल्लची बायको अपर्णा आत आली. एका हातात वही, दुसऱ्या हातात रुचिताचं मनगट. रुचिता हिंदी शाळेत तिसरीत होती.

"काकू, या पोट्टीले तुम्हीच समजवा. पेपरात तेरा गुणिले सात त्र्याण्णव. घरीही तेच. रोज दुपारी भिंतीशी बसून ऐकत असते, अन् वरून म्हणते, उधर से ही सीखा."

रमाबाईंनी वही घेतली. लाल गोलातला आकडा त्या पाहत राहिल्या.

"मी तर एक्क्याण्णव शिकवते, बेटा."

"आप तो सिर्फ पूछती हो," रुचिता म्हणाली. "जवाब तो दीदी देती है न."

"कोण दीदी?" अपर्णानं अंगणभर नजर फिरवली. "काकू, मले वाटे तुमच्याकडे शिकवणीले कुणी येते."

रमाबाईंचा हात भिंतीवर गेला.

"ती... यातून बोलते का गं? भिंतीतून?"

रुचितानं खुळ्यासारखं काय विचारता, अशा नजरेनं पाहिलं.

"दीवार में कोई कैसे बैठेगा? दीवार से तो उल्टा दब जाती है उसकी आवाज. मैं तो कान लगा-लगाके सुनती हूँ. आपके बाजू से आती है."

अपर्णानं घाईनं मुलीचा हात ओढला. "चल घरी. काकू, पोरगी काहीही बोलते, मनावर नका घेऊ."

"राहू दे तिले," रमाबाई म्हणाल्या. "अन् प्रफुल्लले सांग, मिस्त्रीले पलीकडून सुरू करू दे."

"आत्ता? अन् तुम्ही?"

"आम्ही तिकडे बसतो. ओट्याजवळ."

सतरंजी उचलून त्यांनी ओट्याच्या सावलीत अंथरली. पलीकडून पहिला घण बसला. भिंतीवरून माती झरली. रुचिता दचकली, मग वही छातीशी धरून सतरंजीच्या काठावर उभी राहिली.

रमाबाई टेकल्या. उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"सरक जराशी," त्या हळूच म्हणाल्या. "हिलेही बसू दे."