मागे फिरवलेली तारीख

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. माझ्या पोटात दिवस, महिना आणि वर्षाच्या रबरी पट्ट्या आहेत, आणि खाली एकच शब्द, ‘तपासले’. रुमानियातल्या तिमिश्वारा शहरात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ठेवतात त्या काचपेट्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत माझी उमेदीची वर्षं गेली.

लिहिलेला प्रत्येक भाग दोघांनी ओळ न ओळ वाचायचा आणि मगच मला उचलायचं, हा तिथल्या तपासणीप्रमुख स्मरांदाबाईंचा नियम. त्यांच्याबरोबर वाचणारा दोरू घाई करू लागला की त्या म्हणत, “कोवरिगीचे गरम पाव कितीही खाऊ घाल, वाचल्याशिवाय शिक्का नाही!” तेव्हा मला फार मान होता.

पुढे कंपनीला तिसरी पायरी हवी झाली. कामाची शिस्त किती मुरली आहे ते पाहून परीक्षक एक ते पाच यांतली पायरी देतात. आमच्याकडे तर कामाच्या घाईत सहा महिन्यांत कुणी काही वाचलंच नव्हतं. व्यवस्थापक ओक्ताव्यान यांनी माझ्या पट्ट्या मागे फिरवल्या आणि मार्चपासूनचे कागद एका दुपारी ठपाठप उरकले.

“पेटी तापली की वाजणाऱ्या भोंग्याचा भाग तरी वाचू द्या, साहेब,” स्मरांदाबाई म्हणाल्या. त्यांना सातवा महिना होता.

“वाचा की नंतर. सोमवारी परीक्षक येतायत, बाळं नाहीत!”

परीक्षकबाईंनी माझे ठसे कौतुकाने पाहिले आणि स्मरांदाबाईंना विचारलं, “हे तुम्ही वाचलंत?”

नाही म्हणावं, तर बाळंतपणाच्या तोंडावर नोकरी जाणार. स्मरांदाबाई “हो” म्हणाल्या.

पायरी मिळाली, केक कापला. मग स्मरांदाबाईंनी तो भाग खरोखर वाचला. भोंगा एकदा बंद केला, की पुन्हा वाजतच नव्हता.

“आता चूक काढताय?” ओक्ताव्यान हसले. “मार्चमध्ये तपासलंय ना तुम्ही. शिक्का बघा!”

स्मरांदाबाईंनी मला आपल्या कोटाच्या खिशात टाकलं, पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून. पण ती चूक त्यांनी बाहेर कुणाला कळवली नाही. महिन्याभरात तेच सॉफ्टवेअर बसवलेल्या पेट्या शहरातल्याच रुग्णालयात गेल्या, आणि स्मरांदाबाईंचं बाळ वेळेआधी आलं.

मी खिशात असलेला त्यांचा कोट रुग्णालयात, बाळाच्या पेटीशेजारच्या खुर्चीवर होता. पेटीच्या झरोक्यातून हात घालून, बाळाचं पाऊल तापतंय का बघत त्या बसून होत्या.

“अहो बाई, पाठ टेका जरा,” नर्स म्हणाली. “तापलं तर भोंगा वाजेल की!”

“नाही वाजणार. एकदा बंद केलात, की नाही वाजणार. सगळ्यांना सांगा. मीच ‘हो’ म्हणाले होते.”

मित्रांनो, कागदावर माझा ठसा दिसला, तर तेवढ्यावर जाऊ नका. कुणी वाचलं, ते विचारा. त्या खोलीत आमच्या आणखी पाच पेट्या होत्या. पाचही भरलेल्या.